जुन्या फोर-व्हील गाडीचा ‘खट्ट’ आवाज: पार्ट बदलायच्या आधी आवाज पकडा

या वेळचा व्हिडिओ अर्ध्याच्या वर गाडीखाली शूट झालाय, त्यामुळे माझा आवाज कमी आणि टॉर्चचा उजेड जास्त, अशी तक्रार येणार हे धरूनच हा लेख लिहायला घेतला. व्हिडिओ पाहिला असेल तर हे वही म्हणून जवळ ठेवा. पाहिला नसेल तरी अडणार नाही, सगळं इथे क्रमाने आहे.

काही जण म्हणतील, सर, तुम्ही कोटेशन आणि उधारी-वसुली शिकवता, मध्येच डिफरन्शिअल कुठून आलं? तर आपल्या बॅचमध्ये गॅरेजवाले बरेच आहेत, आणि मीही शिकवायला लागण्याआधी अकरा वर्षं गॅरेजच चालवलंय. गॅरेजचा पैसा भाड्यात जात नाही, पोरांच्या पगारात जात नाही. तो जातो अंदाजाने बदललेल्या पार्टमध्ये. आणि अंदाज सगळ्यात जास्त कुठे चुकतो? खालून येणाऱ्या आवाजात. त्यातही गाडी चारही चाकांना ताकद देणारी असली की विचारूच नका.

माझीच गोष्ट सांगतो. नवीन गॅरेज होतं. एक फोर-व्हील गाडी आली, पिकअप घेताना पुढून खट्ट. मी एकदा ट्रायल घेतली, मान हलवली आणि म्हणालो, “काका, दोन्ही ॲक्सल गेलेत.” काकांनी विश्वासाने पैसे दिले. दोन्ही ॲक्सल बदलले, ट्रायल घेतली, खट्ट तसाच! निघालं काय, तर इंजिनचं मागचं माउंटिंग फाटलं होतं. मी ते फुकट बदलून दिलं, पण ॲक्सलचे पैसे परत द्यायची माझी ऐपत नव्हती. काका एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा आलेही नाहीत.

या वेळची गाडी

कोल्हापूरच्या आपल्या एका विद्यार्थ्याकडे २००४ ची होंडा सीआर-व्ही आली, ऑटोमॅटिक, चारचाकी ड्राइव्हची. मालक निवृत्त शिक्षक, गाडी जिवापाड जपलेली. तक्रार दोन वाक्यांची: “पार्किंगमध्ये वळवताना मागून गुरगुरते आणि धक्के देते. आणि कधी कधी खालून खट्ट वाजतं.” आधीच्या एका गॅरेजने त्यांना मागचं डिफरन्शिअल गेलंय असं सांगून जुन्या बाजारातलं डिफरन्शिअल बसवायचं कोटेशन दिलं होतं, मजुरीसकट पंचेचाळीस हजार. आपल्या पठ्ठ्याने मला फोन केला, “सर, मी चाळीसमध्ये करू का?”

मी म्हटलं, थांब. पाच हजार स्वस्तात चुकायचं असेल तर कर.

आधी गाडीचा नकाशा डोक्यात हवा

सीआर-व्हीसारख्या गाडीत इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं नेहमी ओढतात. गिअरबॉक्सच्या बाजूला ट्रान्सफर, तिथून मागे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट, त्यावर क्रॉस, मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग, मग मागचं डिफरन्शिअल, आणि तिथून दोन ॲक्सल मागच्या चाकांना. या साखळीतल्या प्रत्येक सांध्याला थोडा प्ले नव्या गाडीतही असतोच. वीस वर्षांनी प्रत्येक सांध्याचा प्ले केसभर वाढतो. एकेक तपासला तर “ठीक आहे” वाटतो, पण सगळ्यांची बेरीज होऊन पायाखाली खट्ट होतं. म्हणून जुन्या गाडीत ‘तो एक खराब पार्ट’ शोधायला निघालात तर फसाल. किती आवाज आहेत हे आधी ठरवायचं. इथे मालकांच्या दोन वाक्यांतच दोन वेगळे आवाज होते, आणि आधीच्या गॅरेजने दोघांना एकच बिल लावलं होतं.

गिऱ्हाइकाला काय विचारायचं

“कुठून येतो?” हे विचारू नका. गाडीचा पत्रा आवाज फिरवतो, पुढचा खट्ट मागच्या सीटखाली ऐकू येतो. विचारायचं “केव्हा येतो?” डी मधून आर टाकताना? ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना? वळताना? ब्रेक मारताना? गाडी थांबल्यानंतर एक सेकंदाने? स्पीड ब्रेकरवर? थंड गाडीत की दहा किलोमीटर चालल्यावर? ही उत्तरं जॉब कार्डवर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहा. “गुरगुरते” म्हणाले तर “गुरगुरते” लिहा, तिथे “डिफ. नॉइज” लिहू नका. तुम्ही निदान लिहून टाकलंत की पोरगा तेच शोधत बसतो.

आणि ट्रायलला गिऱ्हाइकाला शेजारी नाही, ड्रायव्हर सीटवर बसवा. आवाज त्यांना काढता येतो, आपल्याला नाही.

एक मोठी चाळणी सांगतो, जवळजवळ अर्ध्या गाड्या इथेच वेगळ्या होतात. आवाज ॲक्सिलरेटरने बदलतो की रस्त्याने? सपाट रस्त्यावर पाय दाबला-सोडला की वाजतं, म्हणजे ताकद जाणाऱ्या साखळीत बघा. न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी खडबडीत रस्त्यावर वाजते, म्हणजे सस्पेन्शन: लिंक रॉड, बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग. मधला चोर म्हणजे लोअर आर्मचं बुश. ते ताकदीनेही हलतं, ब्रेकनेही हलतं. पुढे जाताना ब्रेक मारून एक खट्ट, मग रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की दुसरा खट्ट, असं असेल तर आधी ते बुश बघा, मग शाफ्टकडे वळा. कॅलिपरमध्ये सैल बसलेले ब्रेक पॅडसुद्धा नेमकं हेच नाटक करतात.

टायर. हो, टायर

फोर-व्हील गाडी रॅम्पवर घ्यायच्या आधी चारही टायर बघा. साइज, कंपनी, आणि खोबणीची खोली. दोन चाकांत चालतं ते इथे चालत नाही.

या गाडीचा २०५/७०/१५ टायर घ्या. एका फेरीत गाडी साधारण २.१ मीटर जाते, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४७६ फेऱ्या. आता पुढे नवे टायर, ८ मिलिमीटर खोबण. मागे झिजलेले, ३ मिलिमीटर. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक. मागच्या चाकांना दर किलोमीटरला सात फेऱ्या जास्त माराव्या लागतात. कोल्हापूरहून पुण्याला जाईपर्यंत किती झाल्या, तुम्हीच हिशेब करा. काही फोर-व्हील गाड्यांत एवढा वेळ यंत्रणा समजते की कुठलंतरी चाक घसरतंय. ती उगाच काम करत राहते, तापते, तेल लवकर मरतं. आपल्या केसमध्ये टायर चारही सारखे होते, पण ते बघायला दोन मिनिटंच लागली.

ट्रायल: मैदान आणि मोकळा रस्ता

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून हळू गोल घ्या, मग पूर्ण उजवीकडे. पुढून लयीत टक-टक-टक आणि वेग वाढवला की टकटक भराभर, तर पुढच्या ॲक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचं बूट फाटलेलं असेलच बहुतेक.

लय मोजायला शिका. ताशी २० च्या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण अडीच फेऱ्या मारतं. तेवढीच टकटक असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात: सीव्ही जॉइंट, हब, डिस्क, टायरमध्ये अडकलेला खडासुद्धा. (हसू नका, खडा निघालेला आहे.) त्याच वेगाला खूपच भराभर असेल तर प्रोपेलर शाफ्ट, कारण तो चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो. मोबाईल खाली चिकटवून रेकॉर्डिंग करा आणि नंतर शांतपणे मोजा.

गाडी निघताना फक्त एकदा ‘टिक’, पुन्हा रिव्हर्स घेतली की एकदा ‘टिक’, असं असेल तर ॲक्सलचं मधलं मोठं नट बघा. हबमध्ये स्प्लाइन कोरडी पडली किंवा नट ढिला असला की असा आवाज येतो. ही दुरुस्ती स्वस्तात होते, आणि यासाठी कित्येकांनी अख्खे ॲक्सल बदललेत.

आपली सीआर-व्ही दोन गोल शांतपणे फिरली. विद्यार्थी म्हणाला, “सर, काहीच नाही.” मी म्हटलं, आधी दहा किलोमीटर चालवून गरम कर. परत आल्यावर तिसऱ्या गोलात मागून घुर्रर्र आणि धक्के सुरू झाले. आवाजात लय नव्हती, लोखंडावर लोखंडाचा टणत्कार नव्हता. जणू कोणी मागून हँडब्रेक अर्धवट ओढतंय आणि सोडतंय.

ही खूण ओळखायची तर आत काय आहे हे माहीत हवं. या पिढीच्या सीआर-व्हीत मागच्या डिफरन्शिअलच्या आत दोन तेलाचे पंप असतात. एक प्रोपेलर शाफ्टवर फिरतो, दुसरा मागच्या चाकांच्या बाजूने. दोन्ही सारख्या वेगाने फिरले तर तेल नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. पुढची चाकं घसरून जास्त फिरली की तेलाचा दाब वाढतो, तो क्लच प्लेट दाबतो आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. आता गाडी कडक वळवली की पुढची चाकं मोठ्या गोलात जातात, मागची लहान. म्हणजे कोरड्या सिमेंटवरही वेगात फरक पडतो आणि प्लेट थोड्या दाबल्या जातात. तेल चांगलं असेल तर त्या गुपचूप घसरतात. तेल मेलेलं असेल, किंवा कोणी साधं ८०-९० गिअर ऑइल भरलेलं असेल, तर प्लेट चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात. तेच ते गुरगुरणं.

म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या निदानाच्या आधी सुमारे एक लिटर तेल बदलून बघायचं होतं.

गाडी वर घेताना

इथे थांबा, हे नीट वाचा. फोर-व्हील गाडीची फक्त दोन चाकं जॅकवर उचलून इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. कधीच नाही. पुढची चाकं हवेत फिरायला लागली की यंत्रणेला वाटतं पुढे घसरतंय, मागच्या चाकांना ताकद जाते, आणि मागची चाकं जमिनीवर आहेत! गाडी जॅकवरून उडी मारते आणि खाली माणूस असतो. चारही चाकं पक्क्या स्टँडवर नसतील तर इंजिन बंदच. पोरांना हे तोंडी सांगून भागत नाही, भिंतीवर लिहा. टोइंगवाल्यालाही सांगा की दोन चाकं उचलून ओढू नकोस, सपाट ट्रकवर घे.

चारही चाकं वर, न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, इंजिन बंद. आता प्रोपेलर शाफ्ट हाताने इकडे-तिकडे पिळा. नुसता शाफ्ट पिळून “प्ले आहे” म्हणू नका, ती अख्ख्या साखळीची बेरीज असते. प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजूंना एकेक हात ठेवून उलट दिशेने पिळा. एक बाजू हलली आणि दुसरी नंतर हलली तर तो क्रॉस गेला. क्रॉसच्या टोपीभोवती तांबडी भुकटी दिसली तर आत ग्रीस संपून गंज सुरू झालाय. सेंटर बेअरिंगचं रबर टॉमीने हलकेच उचलून बघा, भेग दिसते. डिफरन्शिअलची रबर माउंटिंगही तशीच बघा.

गाडी खाली घेतल्यावर माउंटिंगची परीक्षा. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबा, समोर आणि मागे कोणी उभं नको. मदतनीस बाजूने मोबाईलवर शूट करतो, तुम्ही डी-आर-डी टाका. इंजिन थोडं डुलणारच. ते उचललं जाऊन आपटत असेल तर माउंटिंग फाटलंय. आपल्या गाडीत ते उचललं जात होतं. दुसरा आवाज, तो खट्ट, मुख्यतः इथला होता. माझ्या काकांची आठवण झाली.

शाफ्ट काढून ट्रायल

एवढं करूनही शंका असेल तर शेवटचा पुरावा: प्रोपेलर शाफ्ट सोडवून ट्रायल. सीआर-व्ही पुढच्या चाकांवर तशीच चालते. आवाज गेला तर दोष ट्रान्सफरच्या मागे, राहिला तर पुढे. काढायच्या आधी फ्लँजवर रंगाची खूण करा, नाहीतर परत बसवताना बॅलन्स बिघडून नवीन थरथर लागेल आणि ती तुमच्या नावावर.

पण ही युक्ती सगळ्या गाड्यांना लावू नका. ज्यांच्यात मधलं डिफरन्शिअल असतं आणि चारही चाकं कायम जोडलेली असतात, तिथे एक शाफ्ट काढला की ताकद त्या मोकळ्या तोंडातून निघून जाते आणि गाडी हलतच नाही. तिथे मधलं डिफरन्शिअल लॉक करता येतं का हे आधी बघायचं. आणि ज्या शाफ्टचं टोक थेट ट्रान्सफरमध्ये सरकून बसतं, तो ओढला की तेल वाहतं.

काय केलं, किती घेतलं

तेल बदलताना आधी भरायचा बोल्ट सैल करा, मग काढायचा. उलट केलंत आणि भरायचा बोल्ट उघडलाच नाही, तर रिकामं डिफरन्शिअल घेऊन बसाल. या गाडीला त्या दोन-पंपी यंत्रणेसाठीचं होंडाचंच तेल लागतं, दुकानदार “तेच आहे हो” म्हणून काहीही देईल, ते घेऊ नका. काढलेल्या तेलात चुंबक फिरवला. राखाडी, लोण्यासारखा थर आला, कपची नाही. लोखंडाच्या कपच्या आल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, मग डिफरन्शिअल उघडावंच लागलं असतं. नवीन तेल भरून मैदानात दोन्ही बाजूंनी आठचे आकडे मारले. गुरगुर कमी झाली, पण गेली नाही. आठवड्याने पुन्हा एकदा तेल बदललं, कारण प्लेटमध्ये मुरलेलं जुनं तेल एका फेरीत निघत नाही. मग गेली.

माउंटिंग बदललं, डी-आर चा खट्ट गेला. राहिला एक बारीक ‘टक’, ॲक्सिलरेटर सोडून दाबताना. तो मागच्या क्रॉसचा होता, प्ले अगदी सुरुवातीचा.

आता धंद्याचा भाग. विद्यार्थ्याचा मोह असा की तो टक सांगायचाच नाही. गिऱ्हाईक खूश आहे, कशाला? मी म्हटलं, बिलावर लिही: “प्रोपेलर शाफ्ट, मागचा क्रॉस, थोडा प्ले. आत्ता बदलायची गरज नाही. थरथर सुरू झाली किंवा आवाज वाढला तर लगेच आणावी.” आणि तपासणीचे वेगळे पैसे लाव. इथे तो अडला. “सर, बघायचे पैसे आमच्याकडे कोणी देत नाही.” म्हणून कोटेशन असं द्यायचं: तपासणी एवढी, त्यात काय काय बघणार ते लेखी, काम आमच्याकडेच केलंत तर त्यातली अर्धी रक्कम मजुरीतून वजा. बघण्याचे पैसे घेतले नाहीत की मग पार्टमधून काढावे लागतात, आणि तिथूनच “दोन्ही ॲक्सल गेलेत” सुरू होतं. सरांनी बिल वाचलं, दोनदा वाचलं, आणि तपासणीचे पैसे काही न बोलता दिले.

तीन महिन्यांनी ते स्वतःहून आले. ताशी ऐंशीला सीटखाली थरथर. शाफ्ट उतरवला, मागचा क्रॉस एका दिशेने कडक झाला होता. या शाफ्टचे क्रॉस कारखान्यात ठोकून पक्के केलेले असतात, सर्क्लिप काढून बदलण्यासारखे नसतात. दोन रस्ते होते: कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून अख्खा शाफ्ट आणायचा, किंवा लेथवाल्याकडून खाचा करून नवीन क्रॉस बसवून बॅलन्स करून घ्यायचा. जुना शाफ्ट स्वस्त पडत होता, पण तोही वीस वर्षांचाच असणार. विद्यार्थ्याने दोन्हींचं लेखी कोटेशन समोर ठेवलं, कुणाची किती गॅरंटी देणार ते सुद्धा लिहिलं. सरांनी लेथवाला निवडला. तो बॅलन्सिंगचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात टाकतोय, शाफ्टवर वजन कुठे वेल्ड केलं ते त्यात नीट दिसतंय.